झाकली मूठ आणि अर्जाचा कागद

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात शाहूवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून विद्वान वक्त्यांनी ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी, शिक्षणप्रसाराविषयी किंवा विवाहातील अवाजवी खर्चाविषयी विचार मांडावेत, अशी आपल्याकडील प्रथा आहे. आम्ही विद्वान नाही. आमचे उभे आयुष्य कोल्हापुरातील एका ओतशाळेच्या फाटकाजवळील खोलीत, हजेरीपट आणि पगारपत्रक यांच्या संगतीत गेले. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा, 'काम सुटल्यावर मिळणारा भत्ता व त्याचा अर्ज', असे आम्ही सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मंगल प्रसंगी बेकारीचे पुराण कशाला, असे त्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही. परंतु आज येथे बसलेल्या कुटुंबांपैकी ज्या घरावर ही वेळ कधीच आली नाही असे घर विरळा, आणि ज्या घराने ती वेळ उघडपणे चारचौघांत सांगितली असे घर तर त्याहूनही विरळा. म्हणूनच हा विषय आम्ही निवडला आहे.

आपला शाहूवाडी तालुका डोंगराळ. पाऊस उदंड, पण जमीन तुकड्यातुकड्यांची. भात आणि नाचणी यांवर वर्षाची चूल पेटते. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य यांसाठी घरातील एक तरी माणूस बाहेर कमावता असावाच लागतो. मागील पिढी मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यापुढील पिढी कोल्हापूरच्या ओतशाळांत, शिरोलीच्या व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत गेली. आताची मुले चाकणपर्यंत पोहोचली आहेत. मलकापूरच्या आणि बांबवड्याच्या थांब्यावर उतरणारा माणूस खिशात काय घेऊन उतरतो, यावर आपल्या वाड्यावस्त्यांचा संसार चालत आला आहे. तो माणूस एके दिवशी रिकाम्या हाताने उतरला, तर काय होते?

आमच्या घरी काय झाले ते सांगतो. आमचे वडील गिरणगावात साच्यावर काम करीत. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. काही महिन्यांनी वडील वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन गावी परतले. शेजाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा मातोश्रींनी सांगितले, "रजेवर आलेत." पुढे दिवाळी आली, शिमगा आला, भाताचे तरवे पुन्हा टाकून झाले, तरी मातोश्रींच्या तोंडी तेच उत्तर होते. गावाला सारे ठाऊक होते आणि गावाला ठाऊक आहे हे मातोश्रींनाही ठाऊक होते. तरीही ती रजा संपली नाही.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपल्यात म्हणतात. अब्रूच्या दृष्टीने ती म्हण खरी असेलही. परंतु हजेरी कारकुनाच्या खुर्चीवर इतकी वर्षे बसल्यानंतर आम्हांस एवढे कळले आहे की, झाकल्या मुठीत लेखणी धरता येत नाही. आणि लेखणी धरल्यावाचून अर्ज होत नाही.

आता जे सांगणार आहोत ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ते लपवून उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

2008 सालच्या अखेरीस जगभर मंदी आली. मोटारींची मागणी घटली, तशी त्यांच्या सुट्या भागांचे ओतकाम करणाऱ्या आपल्याकडील ओतशाळांचीही कामे घटली. आम्ही ज्या ठिकाणी नोकरीस होतो, तेथे आरंभी एक पाळी बंद झाली, मग आठवड्यातून तीनच दिवस भट्टी पेटू लागली. 2009 च्या आरंभी व्यवस्थापनाने आमच्या हाती टंकलिखित कागदांची एक चळत दिली. प्रत्येक कागदावर एकच मजकूर होता: 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे.' खाली नाव आणि सही यांपुरती जागा कोरी होती. सह्या घेण्याचे काम आमच्याकडे आले, कारण कामगारांचा आमच्यावर विश्वास होता.

त्या कामगारांत आमच्या नात्यातील एक भाचा होता. साचेकामात अकरा वर्षांची त्याची नोकरी. त्याने कागद वाचलाही नाही. तो एवढेच म्हणाला, "मामा, तुमी सांगताय म्हंजी वाचायचं काय त्यात? कुटं सही करू तेवढं सांगा." आम्ही जागा दाखविली. त्याने सही केली. ग्रॅच्युइटी आणि वर महिन्याचा पगार घेऊन तो संध्याकाळच्या एस.टी.ने गावी गेला.

काही आठवड्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून तो कामगार राज्य विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात बेकारी भत्त्याची चौकशी करण्यास गेला. तेथील कारकुनाने त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "नोकरकपातीचे पत्र कुठे आहे?" पत्र नव्हते. होता तो राजीनामा, तोही स्वखुशीचा. कारकुनाचा नाइलाज झाला. त्या वर्षी भाच्याने दुभती म्हैस विकली, आणि मलकापूरला अकरावीत शिकणारी त्याची मुलगी वर्षभर घरी बसली. ती म्हैस आणि ते वर्ष ही दोन्ही आमच्या खात्यावर मांडलेली आहेत, असे आम्ही आजही मानतो.

त्या एका सहीने काय गेले, याचा हिशेब आम्ही नंतर केला. तो सर्वांनी ऐकण्यासारखा आहे.

1947 च्या औद्योगिक कलह कायद्यात 1953 साली एक प्रकरण घातले गेले. त्यानुसार, वर्षभराची अखंड नोकरी झालेल्या कामगारास कपातीत काढावयाचे असल्यास एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, इतकी भरपाई देणे मालकावर बंधनकारक झाले. भाच्याची वर्षे अकरा. म्हणजे 165 दिवसांचे वेतन. ही रक्कम ग्रॅच्युइटीहून वेगळी असते. ग्रॅच्युइटी राजीनामा देणाऱ्यासही मिळते, कपातीची भरपाई मात्र मिळत नाही. शिवाय 1 एप्रिल 2005 पासून कामगार राज्य विमा योजनेत राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झालेली होती. कारखाना बंद पडल्याने किंवा नोकरकपातीने काम गेलेल्या विमेदारास तीत निम्म्या वेतनाइतका भत्ता ठरविलेला होता. स्वखुशीने काम सोडणारास ती योजना लागू नव्हती. भाचा स्वखुशीने गेला नव्हता. पण कागद म्हणत होता की तो स्वखुशीने गेला, आणि कचेरीत माणसापेक्षा कागदाचे म्हणणे आधी ऐकले जाते.

यावर काही वडीलधारी मंडळी म्हणतील, भत्ता मागणे म्हणजे हात पसरणेच नव्हे काय? आमचे नम्र उत्तर असे की, नव्हे. इंग्लंडात 1911 च्या कायद्याने बेकारीचा विमा सुरू झाला. तो आरंभी मोजक्याच धंद्यांना लागू होता आणि त्यांत लोखंडाच्या ओतकामाचा धंदाही होता. कामगार, मालक आणि सरकार असे तिघे त्यात वर्गणी भरीत. आपल्याकडे कामगार राज्य विम्याचा कायदा 1948 साली झाला आणि पंडित नेहरूंच्या हस्ते 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर येथे त्या योजनेचे उद्घाटन झाले. तिचाही पाया वर्गणी हाच आहे. 1 जुलै 2019 पासून कामगाराच्या वेतनातून शेकडा पाऊण रुपया आणि मालकाकडून शेकडा सव्वातीन रुपये असा दर ठरला. दरमहा 16,000 रुपये मिळविणाऱ्या मुलाचे 120 रुपये आणि त्याच्या नावे मालकाचे 520 रुपये दर महिन्यास जमा होतात. पतपेढीत ठेवलेली ठेव परत मागताना कोणी मान खाली घालत नाही. मग येथेच का घालावी? आपल्या राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदातही, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, बेकारीच्या प्रसंगी नागरिकास साहाय्य करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून नमूद आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नाव बदलले, तरी कपातीच्या भरपाईचे वर सांगितलेले मान कायम आहे. त्यात भर अशी की, कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांच्या अखेरच्या वेतनाइतकी आणखी एक रक्कम, नवे कौशल्य शिकण्यासाठी, 45 दिवसांच्या आत जमा व्हावयाची आहे.

पहिली गोष्ट, काम पूर्ण न सुटता कमी झाले असता. काम नाही म्हणून कारखाना काही दिवस कामगारास बसवून ठेवतो, यास आपण 'ले-ऑफ' म्हणतो. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात, वर्षभराची नोकरी झालेल्या कामगारास अशा दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून निम्मी रक्कम मिळते. परंतु त्यासाठी त्याने ठरलेल्या वेळी फाटकावर हजर राहावे लागते. येथेच आपली मुले चुकतात. 'सोमवारी या' असे कोणी तोंडी सांगितले की ती पिशवी उचलून गावी येतात. शेतात हात लावू, खोलीवरचा खर्च वाचवू, असा विचार करतात. विचार चांगला, पण हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते आणि भरपाई जाते. आम्ही स्वहस्ते अशा कित्येक गैरहजेऱ्या मांडल्या आहेत. म्हणून सांगतो, लेखी सूचना मागा, आणि ती मिळेपर्यंत फाटक सोडू नका.

दुसरी गोष्ट, सहीची. न वाचलेल्या कागदावर सही करू नये. मग तो कागद प्रत्यक्ष मामाने पुढे केलेला असला तरी करू नये. काढून टाकण्यात येत असेल, तर पत्रात तसेच लिहिलेले असावे. तक्रार असल्यास कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे अर्ज देऊन पोच घ्यावी.

तिसरी गोष्ट, विम्याच्या भत्त्याची. आज असे दोन मार्ग आहेत. कारखाना कायमचा बंद झाला किंवा रीतसर कपात झाली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत दोन वर्षांची वर्गणी भरलेल्या विमेदारास पहिले बारा महिने निम्मा आणि पुढील बारा महिने पाव वेतनाइतका भत्ता मिळू शकतो. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 रोजी सुरू झालेली. तीत आयुष्यभरात अधिकात अधिक 90 दिवसांचा भत्ता आहे. आरंभी तो सरासरी दैनिक मिळकतीच्या पाव होता. 24 मार्च 2020 पासून निम्मा झाला. त्यासाठी किमान दोन वर्षे विम्याची नोकरी, काम सुटण्यापूर्वीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत तितकीच वर्गणी हवी. गैरवर्तनावरून काढलेल्यास, स्वखुशीने सोडणाऱ्यास किंवा वयोमानाने निवृत्त झालेल्यास ती लागू नाही. काम सुटल्यापासून तीस दिवसांनी हक्क सुरू होतो. 2020 पासून अर्ज मालकाच्या हातून जावा लागत नाही. विमेदाराने तो थेट शाखा कार्यालयात द्यावयाचा असतो, आणि रक्कम त्याच्या बँक खात्यात येते. ही योजना मुदतीची असून मुदत वेळोवेळी वाढविली जाते. म्हणून अर्जापूर्वी शाखा कार्यालयात चालू मुदत विचारून घ्यावी. दोन्ही योजनांचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही.

दोन वर्षे 16,000 रुपयांवर काम केलेल्या मुलाची मिळकत 3,84,000 रुपये. तिला 730 दिवसांनी भागले की दिवसाचे 526 रुपये पडतात, निम्मे 263, आणि 90 दिवसांचे सुमारे 23,670 रुपये. यात संसार उभा राहत नाही, हे खरे. पण दुभती म्हैस विकण्याची पाळी टळते.

चौथी गोष्ट, आजच करावयाची, कामावर असतानाच. विमा क्रमांकावरील नाव, आधारपत्रावरील नाव आणि बँकेच्या पासबुकातील नाव अक्षरश: एक आहे की नाही, हे तपासून घ्यावे. पगारपत्रकात विम्याची कपात दिसते, ती जमाही होते की नाही, हे पाहावे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने, आपल्याला हे लागू नाही असे समजू नये. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी प्रथम भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर आहे. हे सारे काम सुटल्यावर तपासणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

2020 च्या टाळेबंदीत आमच्या त्या भाच्याच्या मुलाचे शिरोलीतील काम गेले. आम्ही तोवर निवृत्त झालो होतो. भाचा आमच्याकडे आला नाही. यावे तरी कशास? आम्हीच त्याच्या घरी गेलो. मुलाने सांगितले, राजीनामा दिलेला नाही. आम्ही ओटीवर बसून त्याचा अर्ज भरला. पहिल्या खेपेस तो परत आला, कारण विम्यावर वडिलांचे नाव मधे होते आणि आधारपत्रावर नव्हते. दुरुस्ती केली, अर्ज पुन्हा दिला. काही आठवड्यांनी रक्कम खात्यात जमा झाली. भाचा त्या संध्याकाळी एवढेच म्हणाला, "मामा, ह्यो कागद तवा दावला असता तर बरं झालं असतं." त्यावर उत्तर नव्हते. आजचे हे भाषण म्हणजेच ते उत्तर समजावे.

विम्याच्या बाहेर असलेल्या आणि गावी परतलेल्या बांधवांनी आणखी एक मार्ग ध्यानी ठेवावा. शेजारच्याच सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे 1965 साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. 1977 साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला आणि 2005 साली देशाने. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा संमत करून वर्षाकाठी 100 दिवसांऐवजी 125 दिवसांची हमी लिहिली. या साऱ्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: ग्रामपंचायतीकडे कामाची मागणी नोंदवावी, दिनांकासह पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागावा. पोच नसेल तर मागणी झालीच नाही, असे धरले जाते.

शेवटी मंडळास एक विनंती. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींना विद्यार्थी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. खेड्यातील मुलगा शहरात आला तर त्याला आपले म्हणावे असे एक छप्पर असावे, हा त्यामागील हेतू होता. आज त्याच मुलाला कचेरीच्या खिडकीपाशी आपले म्हणावे असे एक माणूस हवे आहे. प्रत्येक मोठ्या गावी एका शिकलेल्या तरुणाने अगर तरुणीने महिन्यातील एक रविवार द्यावा. बांधवांची कागदपत्रे तपासावीत, अर्ज भरून द्यावेत. काम सुटल्यापासून भत्ता हाती येईपर्यंतच्या काळासाठी मंडळाच्या निधीतून लहानशी बिनव्याजी उचल मिळावी. भत्ता आल्यावर ती परत करावी. आणि हे साहाय्य मागणारा आपल्या ज्ञातीचा नसला, तरी त्याला परत पाठवू नये. भट्टीपुढे उभे राहून ज्यांनी एकाच डब्यातील भाकरी वाटून खाल्ली, त्यांची ज्ञात अर्ज भरताना विचारणे आपणांस शोभणार नाही.

माता-भगिनींना एकच सांगणे आहे. घरचा माणूस रिकाम्या हाताने थांब्यावर उतरला, तर 'रजेवर आलेत' असे सांगू नका. 'काम सुटले आहे, अर्ज करावयाचा आहे, कोण मदत करील?' असे विचारा. आमच्या मातोश्रींना तसे विचारण्याजोगे माणूस गावात नव्हते. तुम्हांस ते मिळावे, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.